गेरूचे बारा ठिपके

१० फेब्रुवारी १९७४, रविवार. सातारा

ही वही एका सिमेंट कंपनीने फुकट वाटलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुवचन छापले आहे. आजचे : ‘पाया भक्कम तर घर भक्कम.’ वाईच्या पाठशाळेत आठ वर्षे व्याकरण घोकलेल्या माणसाने अशा वहीत लिहावे, हा कोणत्या ग्रहाचा फेरा ते वाईच्याच एखाद्या ज्योतिष्याला विचारले पाहिजे.

झाले असे, की कृष्णाकाठ अभियंता मंडळाने आज मला आपला ‘मानद मराठी चिटणीस’ नेमले. मी सांगलीच्या एका दैनिकाचा सातारचा वार्ताहर. मंडळाच्या सभांना बातमीसाठी जातो आणि कंदी पेढ्यांसाठी थांबतो. मंडळात सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतले इंजिनिअर आहेत. सरकारला सल्ला देणे हे त्यांचे काम. सल्ला सरकारने मागितलेला नसतो, त्यामुळे नाकारण्याचा त्रासही सरकारला पडत नाही.

या खेपेला मात्र मागितला आहे. कोयनेच्या भूकंपाला सहा वर्षे होऊन गेली, तरी खोऱ्यातली कातळवाडी अजून पत्र्याच्या शेडमध्येच राहते. आता तिथली पस्तीस घरे नव्या जागेवर, दगडमातीत बांधायची आहेत. ती पुन्हा पडू नयेत म्हणून नियम काय असावा ते मंडळाने सांगायचे. तो नियम कातळवाडीत टिकला तर दोन्ही जिल्ह्यांना लागू होणार.

“शास्त्रीबुवा, आमचं मराठी आमचं आम्हालाच कळत नाही,” अध्यक्ष लालासाहेब निंबाळकर म्हणाले. “तुम्ही लिहा.”

“मला इंजिनिअरिंग कळत नाही.”

“त्याची गरज पडत नाही. आपल्याकडे सगळं एकमतानं होतं.”

पेढा तोंडात असल्यामुळे मी ‘नाही’ म्हणू शकलो नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार. सांगली

मंडळाची एक सभा साताऱ्याला भरते, पुढची सांगलीला. सातारकर सांगलीला येत नाहीत आणि सांगलीकर साताऱ्याला जात नाहीत. म्हणजे साताऱ्याला जे ठरले त्याचा वृत्तांत सांगलीची वेगळीच मंडळी भडंग खात मंजूर करतात. हाच एकमताचा पाया असावा.

आज भिंत समजली. दोन फुटी दगडी भिंत म्हणजे खरे तर दोन भिंती असतात, एक बाहेरची आणि एक आतली. मधल्या पोकळीत माती आणि खडी. धक्का बसला की दोघी एकमेकींपासून फारकत घेतात आणि घर खाली येते. त्या एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून मधून मधून आरपार जाणारा लांब दगड बसवायचा, दर चार फुटांवर एक. घराच्या समोरच्या भिंतीत असे बारा बसतात. विवाहसंस्थेचे इतके सोपे विवरण मी धर्मशास्त्रातही वाचले नव्हते.

अडचण एवढीच, की भिंत बांधून झाल्यावर लांब दगड आणि आखूड दगड बाहेरून सारखेच दिसतात. तपासायचे कसे? सगळ्यांचे हात भडंगात. तेव्हा मी, व्याकरणाचा विद्यार्थी, म्हणालो, “गवंड्याने लांब दगड बसवला की त्याच्या तोंडावर गेरूचा ठिपका द्यावा. तपासनिसाने ठिपके मोजावेत. बारा भरले की छपराचे पत्रे द्यावेत.”

टाळ्या पडल्या. संस्कृतवाल्याला इंजिनिअरांनी वाजवलेल्या टाळ्या! घरी बायकोला सांगितले, तर विजयमाला म्हणेल, भडंगाचे हात झटकत असतील.

एकटा जालिंदर वाघमारे उठला. वयाने सर्वांत लहान, इथेच सांगलीला शिकलेला. त्याच्या आईने दुष्काळात माणमध्ये खडी फोडली, हे तो भाषणात सांगत नाही. विचारले तर सांगतो. म्हणाला, “ठिपका बाहेरून दिसणार. दगड आत कुठवर गेलाय हे ठिपक्याला काय ठाऊक? भिंत चढताना तिथं आपला माणूस उभा पाहिजे. माणूस आणि ठिपका, दोन्ही द्या. नाहीतर दोन्ही नको. नुसता ठिपका हा काहीच नसण्यापेक्षा वाईट.”

पोरगा हुशार आहे, पण बोलण्याला धार फार. रात्री वृत्तांत लिहिताना मी ती थोडी बोथट केली : ‘माणूस नेमणे व ठिपका देणे या दोन्ही सूचनांचे सभेने स्वागत केले. श्री. वाघमारे यांनी किरकोळ शंका विचारली.’ वाक्य कसे वाहते!

५ मार्च, मंगळवार. सातारा

आज मी घोटाळलो आहे, तो असा. मंडळाचे पत्र अध्यक्ष लालासाहेबांनी काल सही करून माझ्याकडे दिले. ते कार्यकारी अभियंत्यांना नेऊन द्यायचे होते. कार्यकारी अभियंता लालासाहेबच आहेत.

कचेरीत शिपायाने वीस मिनिटे बाकावर बसवले. आत गेल्यावर साहेबांनी चष्मा लावला आणि स्वतःचे पत्र परक्याचे असावे तसे दोनदा वाचले.

“अध्यक्षांना कळवा,” ते गंभीरपणे म्हणाले, “भिंतीशी माणूस उभा करणं शक्य नाही. माणूस मागितला की फाइल वर जाते. गेरू मागितला की डबा येतो. दुसरी सूचना मंजूर.”

“कळवतो. अध्यक्ष कधी भेटतील?”

“सहानंतर. घरी.”

सहानंतर घरी गेलो. लालासाहेब धोतरावर झोपाळ्यावर बसले होते. सांगितले, तर त्यांचा चेहरा खरोखर पडला. “अरेरे. वाटलंच होतं मला. सरकारात बसलेल्या माणसांना काही कळत नाही हो.”

मी त्यांचा चेहरा निरखला. थट्टा असेल तर ती कुठे सुरू होते ते सापडेना.

“पण वाघमारे म्हणत होता की...”

“तुमच्या वृत्तांतात तर किरकोळ शंका असं आहे,” ते म्हणाले. “दोन्ही बरोबरच हवीत असं कुठं आहे?”

नाही खरे.

७ एप्रिल, रविवार. कोयनानगर

एस.टी.ने घाट चढताना पोटातले सगळे आगम-निगम वर आले. कातळवाडीला पोचलो तेव्हा दहा घरे छपराच्या उंचीला आली होती आणि भिंतींवर ठिपकेच ठिपके. माझी कल्पना दगडावर उतरलेली पाहून ऊर भरून आला, हे इथे कबूल करायला हरकत नाही. तांबडे, गोल, वाटीएवढे. वाडी हळदीच्या नवरीसारखी सजली आहे, असे वाक्य बातमीसाठी सुचले आहे.

गवंडी केरू. पन्नाशीचा, बोलायला तिरकस.

“मास्तर, तुमचा ठिपका लय गुणाचा,” म्हणाला. (हातात कागद असला की इथे माणूस मास्तर.) “ठिपका दिला की पत्रा येतो.”

“आणि दगड?”

“दगडाला कोन काय देतंय?” आणि हसला. मीही हसलो. ग्रामीण विनोदाला एक खास मिठास असते.

वाडीच्या खाली ओढ्यापलीकडे जुने गावठाण आहे. घरे सगळी पडलेली, पण जागोजागी एकेक कोपरा माणसाच्या उंचीएवढा उभा, जणू यज्ञ आटोपल्यावर राहिलेले यूपाचे खांब. तिथला दगड चांगला घडीव आणि लांबलचक आहे. मी केरूला विचारले, “हाच दगड का वापरत नाही? आयता आहे.”

त्याने थापी खाली ठेवली. “त्यो चालत न्हाई.”

“का बरं?”

“चालत न्हाई म्हंजी न्हाई. नव्या खाणीचाच लावायचा.”

दगडाच्या जातीत काही फरक असावा. जालिंदरला विचारायला हवे. नव्या खाणीचे दगड मात्र सुबक आहेत, वीतभर, हाताळायला सोपे.

१६ एप्रिल, मंगळवार. कातळवाडी

नमुना घर म्हणून भामाबाईचे घर निवडले आहे. ११ मे रोजी सरकारी समिती ते पाहायला येणार, आणि त्यावरून दोन जिल्ह्यांचा नियम ठरणार. याला आमच्यात स्थालीपुलाकन्याय म्हणतात : एक शीत दाबून पाहावे, भात शिजला की नाही ते कळते.

भामाबाई विधवा, माझ्यापेक्षा थोडी मोठी. मुलगा फौजेत. घरात सून आणि सहा महिन्यांची नात. घराला छप्पर आले, दारे लागली, तरी तिघी अजून शेजारच्या शेडमध्येच राहतात. त्या शेडच्या पत्र्याची चाळण झाली आहे.

“घरात का झोपत नाही, भामाबाई?”

“झोपू की. घाई काय हाय?”

“अहो, बारा लांब दगड आहेत भिंतीत.”

“व्हय?” ती म्हणाली. “तुमी मोजलं?”

“आत्ताच मोजले.”

“मग आसतील.”

काय हा विनय! शिकलेल्या माणसावर इतका विश्वास शहरात राहिलेला नाही.

एक गंमत. बारापैकी दोन ठिपक्यांवर हळदकुंकू वाहिलेले दिसले. दोन्ही उजव्या कोपऱ्यातले, एक खाली आणि एक कमरेएवढ्या उंचीवर. चैत्र चालू आहे, सुनेने वाहिले असणार. मी म्हणालो, “सूनबाई, बाकीच्या दहा दगडांनी काय पाप केलं? त्यांनाही बोट लावा की.”

सून सासूकडे पाहू लागली. भामाबाई म्हणाली, “ते दोन आमच्या जुन्या घरचं हाईत, मास्तर. मी सवता डोक्यावर आनल्यात.”

जुन्या घराचा लळा सुटत नाही माणसाला. हेही बातमीत घालता येईल. मात्र एक गोष्ट ऐकून वाईट वाटले. या चैत्रात वाडीतली एकही सवाष्ण सुनेकडे हळदीकुंकवाला फिरकली नाही. नमुना घर मिळाले म्हणून पोटात दुखत असेल.

२१ एप्रिल, रविवार. सातारा

विजयमालाला स्थालीपुलाकन्याय सांगितला. ती भातच वाढत होती.

“शितावरून भाताची परीक्षा होते, खरं आहे,” ती म्हणाली. “पण शीत भातातलं हवं. ताटावर रंगवलेलं नको.”

“म्हणजे?”

“तुम्ही दगड पाहिलेत की ठिपके?”

“ठिपका दगडावरच असतो.”

“वाढू का अजून?” ती म्हणाली.

शाळेत गणित शिकवून शिकवून तिला प्रश्नाला प्रश्न घालायची सवय लागली आहे. रात्री झोप नीट लागली नाही. भात जास्त झाला.

४ मे, शनिवार. कातळवाडी

जालिंदर रजा काढून आला होता. एका भिंतीशी उभा राहून केरूला म्हणाला, “हा ठिपक्याचा दगड काढून दाखव.”

केरू म्हणाला, “काढतो की. पत्रा उतरवाया लागंल. तुमी लेखी द्या, सायेब.”

लेखी द्यायचा अधिकार जालिंदरला नाही. मला तर कशाचाच नाही. दोघे आपापल्या जागी उभे, मी मधल्या खडीसारखा. मी म्हणालो, “समिती येऊन जाऊ दे, मग बघू.”

परतताना जालिंदर एकच वाक्य बोलला. “शास्त्रीकाका, माझी शंका किरकोळ होती असं तुम्ही लिहिलंत. मला ती किरकोळ वाटत नव्हती.”

“वृत्तांत वाहता असावा लागतो रे.”

“पाणी वाहतं,” तो म्हणाला. “भिंतीनं वाहू नये.”

धार आहेच पोराला.

भामाबाईला मी आज गळ घातली. समिती आली आणि नमुना घरात कोणी राहतच नाही असे दिसले, तर मंडळाचे तोंड काळे होईल. शनिवारी चूल आत पेटवा, बाळाला आत ठेवा. तिने भिंत कोपऱ्यापर्यंत न्याहाळली. मग म्हणाली, “ठेवते. पर झोळी कुठं बांधायची ती मी ठरवनार.”

घर तिचेच. मी उदारपणे हो म्हटले.

११ मे, शनिवार. कोयनानगर

आज अक्षर लागले नाही तर नाही. घडले त्या क्रमाने लिहितो.

समिती दुपारी बाराला यायची होती. ती विश्रामगृहावर जेवायला थांबल्याचा निरोप आला. मी नमुना घरात, समोरच्या भिंतीला पाठ टेकून बसलो होतो. मधोमध, दाराच्या बाजूला, वारा येतो म्हणून. सून चुलीशी. झोळी उजव्या कोपऱ्यात टांगलेली, आणि भामाबाई तिच्याखाली ठिय्या देऊन बसलेली.

“आवं मास्तर, तिथं नका बसू. हितं या.”

“राहू द्या हो. इथं वारा आहे.”

“हितं या म्हनते ना!” अशा आवाजात म्हणाली की मी पेला घेऊन उठलो. तिने सुनेलाही हाक मारून जवळ बसवून घेतले. झोळीखाली आम्ही तिघे दाटीवाटीने, प्रसादाच्या रांगेतल्यासारखे. मी थट्टा केली, “देवाशेजारची जागा दिलीत, भामाबाई. पुण्य लागेल.”

तिने झोळीची दोरी चाचपली. मला वाटते सकाळी भांडी वाजलेली तिने ऐकली असावीत. इकडे लहान धक्के नेहमीचेच.

मग जमिनीखालून गाडी गेल्यासारखा आवाज आला. मोठा धक्का नव्हता, वाडीतले सगळे हेच म्हणतात. पाच-सहा आकडे मोजण्याइतका. समोरच्या भिंतीचे पोट सुटले. बाहेरची भिंत बाहेर गेली आणि आतली आत आली, अगदी सांगलीच्या सभेत सांगितले होते तशी. जिथे माझी पाठ होती तिथे धूळ, आणि दगडांचा कमरेएवढा ढीग.

कोपरा उभा राहिला. झोळी हलत होती. तान्ही रडलीसुद्धा नाही, रडलो मी.

धूळ बसल्यावर ढिगात ठिपके शोधले. दहाही सापडले. दहाही दगड वीतभर. एक उचलून पिशवीत टाकला, का ते सांगता येत नाही.

१२ मे, रविवार. कोयनानगर

आज सकाळी भामाबाईने सांगितले. मी विचारले म्हणून. इतके दिवस विचारलेच नव्हते.

“त्या येळी सगळं घर बसलं. ह्येंचे वडील गेलं आन् हे गेलं. कोपरा तेवढा ऱ्हायला, त्यात माझं पोरगं निजलं हुतं, आता फौजेत हाय त्ये. मी त्याला त्या कोपऱ्यातनं वडून काढलं. तवाच बघून ठेवलं हुतं, कोपऱ्यात काय हाय ते. लांब दगड, पार आतपातूर.”

“मग सगळेजण ते दगड का आणत नाहीत?”

“ज्या घरात मानूस गेलं त्या घरचा दगड नव्या घराला लावत न्हाईत, मास्तर. मागनं मरान येतं म्हन्त्यात. मी आनलं म्हनून बाया माझ्या दारात येत न्हाईत.”

“तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली की. म्हनून तर हळदकुकू वाह्याला सांगितलं सुनंला.” मग म्हणाली, “पर दगडानं न्हाई मारलं, मास्तर. दगड न्हवता म्हनून मेली मान्सं.”

नव्या खाणीत लांब दगड निघतच नाही, हे केरूला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. सगळ्यांना ठाऊक होते. फक्त ज्याने नियम लिहिला त्याला नव्हते. आज पानावर सुवचन आहे, ते वाचले नाही.

१४ मे, मंगळवार. सातारा

समिती कातळवाडीला पोचलीच नाही. घाटात दगड आले म्हणून विश्रामगृहावरूनच परतली. अहवाल मात्र पोचला आहे. ‘नमुना घराने धक्का अंशतः सहन केला. निष्कर्ष आशादायक. ठिपक्यांची पद्धत दोन्ही जिल्ह्यांत लागू करण्यास हरकत नसावी.’ अंशतः! मी ज्या अंशात बसलो होतो तो त्यांनी पाहिला नाही.

कचेरीत जाऊन पिशवीतला ठिपक्याचा दगड लालासाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला, वीत लावून पाहिली, आणि फायलींवर वजन म्हणून ठेवला. 

“कार्यकारी अभियंता म्हणून मला यातलं काही माहीत नाही,” ते म्हणाले. “अध्यक्ष म्हणून मला लाज वाटते. तुम्ही कोणाशी बोलायला आलात?”

“तेच मला कळत नाही, साहेब. मीही वार्ताहर म्हणून आलो की चिटणीस म्हणून, ते ठरलेलं नाही.”

“चिटणीस म्हणून आला असाल तर सभा बोलवा. मंडळाची शिफारस मंडळच मागे घेऊ शकतं. एकमतानं.”

“आणि वार्ताहर म्हणून?”

त्यांनी दगड उचलून पुन्हा ठेवला. “बातमी लिहिलीत?”

लिहिलेली नाही. तीनदा कागद घेतला. पहिल्या वाक्यात ‘ठिपक्याची कल्पना’ येते, आणि मग कोणाची ते लिहावे लागते.

१९ मे, रविवार. सांगली

सातारकर सांगलीला आले. पाच जण, एका जीपमध्ये! मंडळाच्या इतिहासात हा भूकंपच.

मी उभा राहून २४ फेब्रुवारीच्या वृत्तांतात दुरुस्ती मागितली. ‘किरकोळ शंका’ हे शब्द काढून जालिंदर जे बोलला होता ते जसेच्या तसे घालावे. त्याचे वाक्य वाचून दाखवले : “नुसता ठिपका हा काहीच नसण्यापेक्षा वाईट.” कोणी विचारले, हे तेव्हाच का लिहिले नाही? म्हणालो, “टाळ्या पडल्या होत्या. ऐकू आलं नाही.”

वाद दोन तास चालला. शिफारस मागे घेतली तर सरकार पुन्हा कधी सल्ला विचारणार नाही, असे एक मत. मी म्हणालो, विचारला नव्हता तेव्हा आपल्या हातून कोणाची भिंत पडली नव्हती. हे थोडे लागले त्यांना. मलाही लागले.

शेवटी लालासाहेब उठले. “सरकारला आजवर आपण दुसऱ्याच्या चुका कळवत आलो. ही आपली आहे. ही कळवता येत नसेल तर मंडळ बंद करून पेढ्यांचं दुकान काढू.”

एकमत झाले. पत्र मी लिहिले, चार ओळी, एकही ओळ वाहत नाही : आमची शिफारस चुकली. ठिपके मोजू नयेत. भिंत चढताना माणूस उभा असावा. तोवर हा नियम कुठेही लागू करू नये.

पत्र कार्यकारी अभियंत्यांमार्फत वर जाणार.

२४ मे, शुक्रवार. सातारा

पत्र कार्यकारी अभियंत्यांच्या टेबलावर, त्या दगडाखाली आहे. अध्यक्ष रोज घरी माझ्याकडे चौकशी करतात, पत्र गेले का म्हणून. मी म्हणालो, “साहेब, आपणच जरा त्यांना भेटा ना.”

ते हसले नाहीत. “भेटतोय रोज,” म्हणाले. “माणूस ऐकत नाही. पेन्शनला तीन वर्षं राहिलीत त्याची.”

बातमी मी आज पाठवली. कल्पना कोणाची तेही लिहिले. विजयमालाने वाचली, एक स्वल्पविराम काढला आणि परत दिली. तिच्याकडून एवढे म्हणजे पुष्कळच.

२ जून, रविवार. कातळवाडी

पावसाला आठ-दहा दिवस उरलेत. वाडीत बावीस घरांवर पत्रे चढलेत आणि माणसे आत झोपू लागलीत, ठिपक्यांच्या भरवशावर. म्हणून जालिंदर आणि मी आज आलो. हुकूम कोणाचाच नव्हता. भामाबाईने रीत सांगितली : एकाने आत भिंतीला तळहात लावून उभे राहायचे, दुसऱ्याने बाहेरून ठिपक्यावर वरवंट्याने ठोकायचे. दगड आरपार असेल तर ठोका हातात येतो. नसेल तर मातीत मुरतो.

ती बाहेर, मी आत.

“आला का, मास्तर?”

“नाही.”

“ह्यो?”

“नाही.”

नाही आला की जालिंदर ओल्या फडक्याने ठिपका पुसायचा. तिसऱ्या घराशी केरू आडवा आला. मागे पंधरा-वीस माणसे. “ठिपकं पुसताय, उद्या पत्रं परत न्हेनार. पावसात पोरं कुठं घालायची आमी? बोला की, मास्तर! तुमीच ठिपका काढला, तुमीच पुसताय. डोकं ठिकानावर हाय का?”

 खरोखरच डोके ठिकाणावर नव्हते. ठिपका ठेवला तर भिंत मारते, पुसला तर पाऊस.

इतक्यात खालून जीप आली. लालासाहेब उतरले, बिनटोपीचे. मी विचारले, “साहेब, आज कोण म्हणून?”

“आज रविवार आहे. आज मी कोणीच नाही.” मग केरूला म्हणाले, “परिपत्रकात पत्रे द्यायला ठिपके लागतात. दिलेले पत्रे परत न्यायला काय लागतं, ते त्यात लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलंय. पत्रे राहतील.”

“आन् दगड?” केरू म्हणाला. “दगड कुठनं आनू?”

 सगळ्यांना ठाऊक होते कुठून. ओढ्यापलीकडचे कोपरे तिथूनही दिसत होते.

भामाबाई लालासाहेबांना म्हणाली, “या सायेब, आदी हितं हात लावा.” तिने त्यांना पडक्या घरात नेले, उभ्या राहिलेल्या कोपऱ्यापाशी. त्यांनी तळहात टेकवला. ती बाहेर गेली आणि हळदकुंकवाच्या ठिपक्याशेजारी वरवंटा मारला.

लालासाहेबांनी हात काढला नाही. “पुन्हा,” म्हणाले. तिने पुन्हा मारला. मग जालिंदरने हात लावला, मग मी. ठोका दगडातून सरळ हातात येतो, पलीकडच्या माणसाने हाक द्यावी तसा. केरूने सर्वांत शेवटी लावला. तो गवंडी, त्याला नवीन काही नव्हते. तरी तो तसाच उभा राहिला.

“पत्र?” मी लालासाहेबांना हळूच विचारले.

“काल संध्याकाळी गेलं. शेरा मारून. ‘सहमत.’ सही करताना मात्र हात जरा अडला त्याचा.”

परत निघताना केरू ओढा ओलांडून जुन्या गावठाणाकडे जाताना दिसला, एकटाच. त्याचे कोण गेले होते तिथल्या घरात, ते मी विचारले नाही. भामाबाईची सून धावत त्याच्यामागे गेली. तिच्या हातात हळदकुंकवाचा करंडा होता.

आजची नोंद : घरे अकरा, भामाबाईचे पडके धरून. ठिपके एकशे बत्तीस. ठोका आला, दोन. मी बातमीदार म्हणून मोजले, चिटणीस म्हणून, की आणखी कोण म्हणून, ते अजून लागत नाही. तळहातावर गेरू आहे. दोनदा साबण लावला.